लहानपणी झालेला बाप्तिस्मा पुरतो, की बुडून पुन्हा घ्यावा?

खाडीकाठ, देवगड

लग्न ठरतंय. मुलगी कॅथलिक, तिचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) ती दीड महिन्याची असताना झाला, डोक्यावर पाणी ओतून. मुलगा एका स्वतंत्र प्रार्थनासभेचा, त्याने मोठेपणी समुद्रात बुडून घेतला. मुलाकडचे म्हणतात, बाळपणीचा धरत नाहीत, तिने पुन्हा घ्यावा. फादर म्हणतात, बाप्तिस्मा दोनदा होतच नाही. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात, म्हणून विचारतोय: बाप्तिस्मा म्हणजे नेमकं काय घडतं? पाणी किती, शब्द कोणते, काय चुकलं तर तो झाला नाही असं म्हणायचं?

करवंदी

फादर म्हणतात ते कॅथलिक शिकवणुकीला धरूनच आहे. बाप्तिस्मा ही आपण देवाला दिलेली कबुली एवढीच गोष्ट असती, तर कबुली पक्की झाल्यावर पुन्हा घ्यायला हरकत नव्हती. पण चर्च म्हणतं, तिथे करणारा देव आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठलो. माणूस एकदाच जन्मतो, तसा हा जन्मही एकदाच. आत्म्यावर उमटलेला हा ठसा पापानेही पुसला जात नाही. वाट चुकलेला परत येतो तो पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, बाप्तिस्मा-कुंडाकडे नाही.

आता 'काय चुकलं तर'. तीन गोष्टी लागतात: खरं पाणी, ठरलेले शब्द आणि चर्च जे करतं ते करण्याचा हेतू.

पाणी विहिरीचं, नळाचं, पावसाचं, खाडीचं, समुद्राचं, कोणतंही चालतं. खारट असलं तरी ते पाणीच. शहाळ्याचं पाणी मात्र चालत नाही, गुलाबपाणीही नाही. नावात पाणी असलं तरी ते फळाचा, फुलाचा रस. पाणी कातडीवरून वाहायला हवं. ओला अंगठा कपाळाला लावला किंवा चार थेंब शिंपडले आणि ते केसांतच जिरले, की शंका उभी राहते. म्हणून जावळ दाट असेल तर फादर केस बाजूला सारून कपाळाच्या वरच्या बाजूला ओततात. तीनदा, प्रत्येक नावाला एकदा. तीनदा मिळून वाटीभर पाणीही भरपूर होतं.

शब्द: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." ओतणारा आणि बोलणारा एकच हवा, आणि दोन्ही एकाच वेळी. एकाने ओतलं आणि दुसऱ्याने शब्द म्हटले तर बिघडलं. काही ठिकाणी सगळ्या घरच्यांना सामील करून घ्यायला "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असं म्हणायची पद्धत पडली होती. ऑगस्ट २०२० मध्ये रोमने स्पष्ट केलं की तो बाप्तिस्मा झालाच नाही, त्यांना नव्याने द्यावा लागेल. कारण देणारा ख्रिस्त आहे, जमलेली मंडळी नव्हे.

मुलीच्या बाबतीत यातलं काही चुकलेलं दिसत नाही.

पाचूबंदर

मी बुडून बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळीतला. आमची बाजूही नीट मांडायला हवी.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. आधी पश्चात्ताप, मग पाणी. तान्ह्या बाळाला पश्चात्ताप कसला? म्हणून आमच्याकडे मूल देवाला अर्पण करतात, प्रार्थना होते, पाणी नाही. मोठं झाल्यावर ते स्वतः मागतं. तेव्हा आमच्या दृष्टीने तो 'पुन्हा' नसतो, पहिलाच असतो. मुलाकडचे हट्ट करतात असं वाटू देऊ नका. ते त्यांच्या समजुतीशी प्रामाणिक आहेत.

मात्र एक सांगतो. लग्नासाठी म्हणून घेतलेला बाप्तिस्मा आमच्याच शिकवणुकीत बसत नाही. मुलीच्या मनात तसा विश्वास नसेल, तर तिला पाण्यात उतरवणं ही आमच्याच तत्त्वाची मोडतोड आहे.

आणि कुणी समुद्रात देणारच असेल तर थोडी काळजी. नारळी पौर्णिमेआधी पावसाळी समुद्रात उतरूच नका. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती बरी. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की पाणी बाहेर ओढतं, तिथे नको. कमरेएवढं पाणी पुरे. पाळकाने समुद्राकडे तोंड ठेवावं म्हणजे येणारी लाट दिसते, आणि दोन लाटांच्या मधल्या पाण्यात बुडवावं. घेणाऱ्याने हात छातीवर, नाकाला रुमाल, गुडघे थोडे वाकवून मागे झुकायचं. दुसऱ्या बाजूला आणखी एक धडधाकट माणूस हवाच. साडी किंवा घेरदार झगा पाण्यात फुगतो आणि पायात अडकतो. सलवार-कमीज बरी.

करवंदी

@पाचूबंदर, लग्नासाठी घेऊ नये हे अगदी पटलं. बुडवण्याला कॅथलिक चर्चचीही ना नाही. नियमात दोन्ही रीती आहेत, ओतणं आणि बुडवणं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या छोट्या ख्रिस्ती ग्रंथात वाहतं पाणी आधी सांगितलंय, ते नसेल तर दुसरं, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता असं. म्हणजे ओतणं ही मागाहून काढलेली सोय नाही.

बाळांबद्दल म्हणाल तर प्रेषितांच्या कृत्यांतल्या फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्याने मध्यरात्री 'घरच्या सर्वांसह' बाप्तिस्मा घेतला. त्या घरात लहान मुलं होती की नाही हे वचन सांगत नाही, तेव्हा त्यावरून कुणीच डाव जिंकू नये. चर्चचं म्हणणं वेगळ्या पायावर उभं आहे: कृपा आधी येते, समज मागून. बाळाला आईचं दूध मागायची अक्कल नसते म्हणून कुणी ते रोखून धरत नाही. पण ती समज पुढे कुणीतरी द्यायला हवी. म्हणून मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा नसेल, तर फादर बाप्तिस्मा पुढे ढकलू शकतात.

शिंपला, वेंगुर्ला

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची बाजू थोडक्यात. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च झालं. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त मोठ्यांना देणारेही, म्हणून दोन्ही वाटा मान्य ठेवल्या. पण एकदा झालेला पुन्हा देत नाहीत.

सुरंगी

मूळ प्रश्नात एक गोष्ट राहून गेली. सगळे मुलीच्या बाप्तिस्म्याबद्दल बोलताहेत. लग्न कॅथलिक चर्चमध्ये व्हायचं असेल तर फादर मुलाच्या बाप्तिस्म्याची चौकशी करतील, आणि ते आधीच बघून ठेवा.

मुलाच्या मंडळीत कोणते शब्द म्हटले ते पाळकांकडून लेखी घ्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने पाण्यात झाला असेल तर कॅथलिक चर्च तो खरा मानतं. मग मिश्र विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते. काही मंडळ्या 'फक्त येशूच्या नावाने' देतात. तो कॅथलिक चर्च धरत नाही. मग मुलगा बाप्तिस्मा न झालेल्यांत मोजला जातो आणि नुसत्या परवानगीऐवजी बिशपांकडून वेगळी सूट घ्यावी लागते. ती नसेल तर लग्नच वैध ठरत नाही. हे पत्रिका छापल्यावर कळलं की फार धावपळ होते.

मुलीचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून काढायचा, आणि ताजा. साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. कपाटातला जुना चालत नाही, कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न यांच्या नोंदी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतच त्या नावापुढे होतात. ताज्या दाखल्यावरून कळतं की आधीचं लग्न नाही. जाताना जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि बाप्तिस्म्याचं साल न्या. आपल्याकडे वहीत एक आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर गावावरून दुसरंच असं सर्रास असतं. तो फरक तेव्हाच फादरना दाखवा.

खाडीकाठ, देवगड

@सुरंगी, मुलाच्या शब्दांचं डोक्यातच नव्हतं. समजा पाळकांना आठवत नसेल, लेखीही काही नसेल, तर?

सुरंगी

तर आधी साक्षीदार शोधा. त्या दिवशी किनाऱ्यावर उभे असलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलेलं असतं, त्यात शब्द ऐकू येतात का बघा. त्या मंडळीत आज बाप्तिस्मा देताना कोणते शब्द म्हणतात तेही विचारा, सहसा तेच असतात. हे सगळं फादरपुढे ठेवा. शंका राहिली तर परवानगीबरोबर सूटही मागून घेतात, म्हणजे लग्न कुठल्याच बाजूने अडत नाही.

मुलगा पुढे स्वतःहून कॅथलिक व्हायचं म्हणाला आणि तेव्हाही शंका फिटली नाही, तर सशर्त बाप्तिस्मा देतात: "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला..." आणि पुढे नेहमीचे शब्द. आधीचा खरा असेल तर हे पाणी काहीच करत नाही, नसेल तर हाच पहिला. लग्नासाठी म्हणून त्याच्यावर तो लादू नका.