फवारणी-नोंदीचं ॲप: १.० च्या आधी काय घ्यावं, काय सोडावं?

ओझर_कोडर:
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही तिघं द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची वही मोबाईलवर आणतोय, कोड ओपन आहे, जीपीएल. सध्या ०.८ चालू आहे, गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आधी म्हणजे सप्टेंबरच्या आत १.० काढायचंय. तिघंही नोकरीवाले, शनिवार-रविवारच मिळतो, खिशात शून्य, सर्व्हर घेणार नाही. यादी अशी: ऑफलाइन नोंद, बोलून नोंद, पीएचआयचा इशारा, एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट, हवामान, फोटोवरून रोग ओळखणं. आधी काय घेऊ?

सिडको_पंटर:
फोटोवालं घ्या डोळे झाकून. आजकाल एआय नसेल तर कोणी डाउनलोडच करत नाही. चांगला सर्व्हर भाड्याने घ्या, होतो खर्च वसूल.

निफाड_बागायतदार:
सर्व्हर घेणार नाही म्हणालेत ना ते, वाचा की जरा. आणि डावणी रोग ओळखायला मला फोन लागत नाही, पान उलटं केलं की कळतं. पीएचआय घ्या. शेवटची फवारणी ते तोडणी यात किती दिवस गेले पाहिजेत हे औषधागणिक वेगळं असतं आणि गडबडीत तेच विसरतं. आमच्या चुलतभावाचा प्लॉट रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत, फेल गेला, माल लोकलला विकावा लागला. माझा मात्र दरवर्षी युरोपला जातो, निर्यातीच्या ग्रेपनेटला नोंदणी आहे, वही चोख असते. बोलून नोंद वगैरे नाटकं नकोत, फवारणीचा ब्लोअर चालू असताना शेजारचा माणूस ऐकू येत नाही.

जुना_लिनक्सवाला:
फीचरं नंतर बोलू, आधी तारीख पक्की का माल पक्का ते ठरवा. लिनक्सातलंच उबंटू एप्रिल-ऑक्टोबरला येतं म्हणजे येतं, डेबियन तयार झालं की येतं. लिनक्स कर्नलचं बघा, नवीन सगळं पहिल्या दोन आठवड्यांत घेतात, मग नुसते आरसी (चाचणीच्या आवृत्त्या) आणि दुरुस्त्या, राहिलं ते पुढच्या फेरीला, म्हणून नऊ-दहा आठवड्यांत रिलीज निघतं. तुम्ही जुलैअखेर दार बंद करा. मी तेव्हापासून लिनक्स वापरतोय जेव्हा सीडी मित्राकडून मित्राकडे फिरायच्या.

गंगापूररोड:
सीडीचं झालं सांगून दर धाग्यावर. आणि डेबियनलाही फ्रीज (नवीन काही घेणं बंद) असतं हो, ‘तयार झालं की’ म्हणजे मोकाट नाही. आकड्याचा मोहच कशाला? लिनक्सवरचा डेस्कटॉप केडीई, त्याचं ४.० जानेवारी २००८ ला आलं, ते डेव्हलपर आणि हौशी लोकांसाठी आहे असं सांगत राहिले, पण लोकांनी ४.० वाचलं आणि पक्कं समजून बसवलं, मग बोंबाबोंब. ०.९ काढा.

जुना_लिनक्सवाला:
०.९ कोण बसवणार शेतकऱ्यांत?

निफाड_बागायतदार:
आम्ही आकडा बघतच नाही. व्हॉट्सॲपवर फाइल आली की बसवतो.

सटाणा_अर्ली:
सप्टेंबर कुणासाठी पण? आमच्या बागलाणात अर्ली छाटणी त्याच्या कितीतरी आधी उरकते. नाशिक म्हटलं की सगळ्यांना निफाड-दिंडोरीच दिसतं. बाकी बोलून नोंद नको, हे माझंही मत.

डेटा_काका:
कुणी जुन्या नोंदींचं बोललंच नाही. ०.८ मधली वही १.० मध्ये जशीच्या तशी उघडली पाहिजे, आणि १.० म्हणालात की साठवणीचा साचा मनाला येईल तसा बदलता येत नाही, म्हणून जे बदलायचं ते आत्ताच बदला. एक्स्पोर्ट पहिला, फोन पाण्यात पडला तर वर्षाची वही गेली. पीएचआय घेतलंत तर औषधांची यादी कोडात कोंबू नका, वेगळी फाइल ठेवा, वर तारीख दिसू द्या. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची परिशिष्ट ५ ची औषधांची यादी बदलत असते.

सिडको_पंटर:
एआय यादी आपोआप वाचेल की. म्हणून म्हणतोय सर्व्हर घ्या.

ओझर_कोडर:
आभार सगळ्यांचे. ठरलं ते असं: ऑफलाइन, एक्स्पोर्ट, जुन्या वहीचं स्थलांतर, जुलैअखेर फ्रीज. हवामान आणि फोटो बाद. पीएचआय १.० मध्ये नाही. तिघांत कृषीवाला कुणी नाही, इशारा एक दिवस जरी चुकला तर माल त्यांचा जाणार. यादी तपासून देणारा माणूस मिळाला की १.१. आणि बोलून नोंद ठेवतोय 😄 आवाज ओळखायचा नाही, फक्त रेकॉर्ड करून तारखेला चिकटवायचा, ब्लोअर बंद केल्यावर. हातात मोजे असताना टायपिंग होत नाही, संध्याकाळी घरी ऐकून भरायचं. सटाणावाले, यंदा तुम्हाला उशीर होणार, माफी.

निफाड_बागायतदार:
इशारा नाही तर माझी कागदाची वही काय वाईट. पण यादी तपासायची तर मी बसतो तुमच्यासोबत, रविवारी पिंपळगावला या.

डेटा_काका:
रेकॉर्डिंगं एक्स्पोर्टमध्ये येणार का, ते ठरवा आधी. नाहीतर अर्धी वही फोनातच राहील.

सिडको_पंटर:
आयफोनवर कधी येणार?