चार्ल्सटनचा फलक : रॉबर्ट स्मॉल्स यांची आमदारकी एका वाक्यात का उरकली?

खाडीकाठ :
अलीकडेच अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे जाणे झाले. ईस्ट बे स्ट्रीटवर रॉबर्ट स्मॉल्स यांच्याविषयीचा इतिहासफलक आहे : खांबावर बसवलेला धातूचा पत्रा, रुपेरी रंगावर काळी उठावाची अक्षरे, दोन्ही बाजूंना मजकूर. १३ मे १८६२ रोजी उजाडण्यापूर्वी, कप्तान व त्याचे सहकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, गुलाम असलेल्या स्मॉल्स यांनी ‘प्लँटर’ हे कॉन्फेडरेट (यादवी युद्धातील फुटीर दक्षिणी राज्यांच्या) सैन्याचे जहाज धक्क्यावरून काढले आणि फोर्ट सम्टर या किल्ल्यासमोरून नेऊन नाकेबंदी करून बसलेल्या संघीय (उत्तरेच्या) आरमाराच्या हवाली केले, ही हकिकत त्यावर तपशिलाने दिली आहे. ते पुढे राज्याच्या विधिमंडळात आणि नंतर पाच वेळा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेले, ही माहिती मात्र अखेरीस एका वाक्यात येते. आपल्या भाषेत सांगायचे तर आमदारकी आणि खासदारकी एका दमात उरकली आहे. हे जागेअभावी झाले की राजकारण मुद्दाम टाळले गेले? जाणकारांनी सांगावे.

दप्तरी :
मला यात डाव दिसत नाही. साउथ कॅरोलायनात १९३६ पासून असे फलक लागत आहेत. मजकूर राज्याचे अभिलेख व इतिहास खाते मंजूर करते, खर्च मात्र फलक लावू इच्छिणारी संस्था करते आणि म्हणून तिचे नावही खाली कोरले जाते. शिवाय मजकूर त्या जागेशी बांधलेला असतो. जहाज निघाले तो धक्का तिथून जवळ. विधिमंडळ भरत असे ते शंभरावर मैल दूर, राज्याची राजधानी कोलंबिया इथे. आणि जहाजाची हकिकत तरी पुरी कुठे आहे? स्मॉल्स कप्तानाची गवती टोपी घालून सुकाणूपाशी उभे होते, किल्ल्यासमोर त्यांनी ठरलेली शिटी बरोबर वाजवली आणि पुढे पांढरी चादर निशाण म्हणून चढवली, यातले काहीच त्या पत्र्यावर मावलेले नाही. फलक २०१२ चा, म्हणजे त्या घटनेच्या दीडशेव्या वर्षाचा आहे, हेही ध्यानात घ्यावे.

बखरकार :
दप्तरी यांचे म्हणणे नियमांपुरते खरे आहे, तरी मूळ शंका मला रास्त वाटते. जहाजाची गोष्ट सर्वांना आवडते, कारण ती एका रात्रीत संपते आणि तिच्यात कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. आमदारकीचे तसे नाही. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत स्मॉल्स यांनी सर्व मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शाळांचा ठराव मांडला. लहानपणी त्यांना स्वतःला शाळा मिळालेली नव्हती. त्यानंतर ते दोन वर्षे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात आणि १८७० ते १८७४ राज्याच्याच सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) होते. (१८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा नुकतेच मुक्त झालेले हे गृहस्थ तिथे कायदे करत बसले होते, याची आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही.) १८७७ मध्ये, राज्याची सत्ता पालटून गोऱ्या डेमोक्रॅटांकडे गेल्यावर, सिनेटमधील काळात ५,००० डॉलरांची लाच घेतल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १८७९ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. फलकावर हे लिहायचे तर खटला कोणी व का भरला हेही लिहावे लागते, आणि तिथे मंजुरी देणाऱ्याचा हात अडखळतो. १८९५ च्या राज्यघटना परिषदेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याची व्यवस्था झाली. तिला विरोध करणाऱ्या सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधींत स्मॉल्स होते आणि त्यांनी त्या नव्या राज्यघटनेवर सही केली नाही. माझ्या मते ही सही न करणे प्लँटरइतकेच मोठे आहे.

दप्तरी :
मान्य. तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो : त्या परिषदेचे सूत्रधार बेन टिलमन यांचा पुतळा कोलंबियात विधिमंडळाच्या आवारात १९४० पासून उभा आहे, त्याच आवारात स्मॉल्स यांचे स्मारक उभारण्याचा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

समुद्रपक्षी :
पुन्हा जाणे झाले तर त्यांच्या जन्मगावी, ब्यूफर्टला, जावे. (उच्चार ब्यूफर्टच, ‘बोफर्ट’ हे शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातले गाव.) प्रिन्स स्ट्रीटवरच्या ज्या घराच्या मागील गुलामवस्तीत ते १८३९ मध्ये जन्मले, तेच घर त्यांनी पुढे विकत घेतले. ते खाजगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावे लागते. टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांची कबर व अर्धपुतळा आहे. तिथे जहाजावरचे नव्हे, तर १८९५ चे त्यांचे शब्द कोरले आहेत. त्यांचा आशय असा, की माझ्या लोकांची वेगळी वकिली करायला नको, जगण्याच्या लढाईत त्यांना फक्त बरोबरीची संधी हवी.

खाडीकाठ :
सर्वांचे आभार. ब्यूफर्ट चार्ल्सटनपासून मोटारीने दीड-दोन तासांवर आहे हे माहीत असते, तर तेव्हाच गेलो असतो.