पाशनडेल 1917: करीने हल्ल्याला ठाम नकार द्यायला हवा होता का?

बुरुजावरचा:
पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाचा विषय निघाला की सगळे फ्रान्समधल्या विमी रिजच्या लढाईवर बोलतात, माझ्या डोक्यातून मात्र त्याच वर्षीचं पाशनडेल जात नाही. बेल्जियममधलं ईप्रजवळचं ते टेकाड, तोफगोळ्यांनी शेतांमधले पाण्याचे चर पार उखडलेले, वरून पाऊस, म्हणजे खंदक असे उरलेच नव्हते, नुसते पाण्याने भरलेले खड्डे, आणि फळ्यांवरून पाय घसरला तर जखमी माणूस त्यात बुडून मरायचा. कॅनेडियन कोअरचा (कॅनडाच्या तिथल्या सैन्याचा) कमांडर आर्थर करी याने आधीच सांगितलेलं की 16,000 माणसं पडतील. मेलेले-जखमी धरून आकडा आला 15,654! एवढं दिसत असताना गेलाच कसा तो?

तोफची:
अजिबात पटलं नाही. करीने विरोध केला होता हो, ब्रिटिश सरसेनापती हेग स्वतः त्याला पटवायला आला होता. मग करीने अटी घातल्या: ब्रिटिश जनरल गॉफच्या हाताखाली लढणार नाही, जनरल प्लमरच्या सेकंड आर्मीत राहीन, आणि तयारीला वेळ हवा. आल्यावर बघतो तर ताब्यात मिळालेल्या कित्येक तोफा बंद पडलेल्या, चिखलात रुतलेल्या. आधी फळ्यांचे रस्ते केले, तोफा पुढे नेल्या, मग 26 ऑक्टोबर, 30 ऑक्टोबर, 6 नोव्हेंबर, 10 नोव्हेंबर असं टप्प्याटप्प्याने थोडं थोडं टेकाड घेतलं. दुसरा कोणी असता तर एका दमात रेटलं असतं आणि दुप्पट माणसं गेली असती असं माझं स्पष्ट मत.

बुरुजावरचा:
तोफचीभाऊ, पण ऑगस्टमध्ये याच करीला फ्रान्समधल्या लेन्स शहरावर हल्ल्याचा हुकूम होता ना, तेव्हा त्याने वरच्यांना पटवून लक्ष्यच बदलून घेतलं आणि शेजारची हिल 70 ही टेकडी घेतली. म्हणजे त्याचं ऐकलं जात होतं. मग ऑक्टोबरमध्ये का नाही ताणून धरलं?

तोफची:
तिथे लढाई टळली नव्हती, जागा बदलली. हिल 70 वरून लेन्सवर नजर राहायची, म्हणून आर्मी कमांडरला पटलं. इथे हेगला टेकाडच हवं होतं, बदलून काय मागणार?

सांजवारा:
मी तिथे जाऊन आलेय म्हणून लिहिते. आता सगळी हिरवी शेती आहे, चढ इतका सौम्य की टेकाड म्हणायलाही जीभ रेटत नाही, आणि तेवढ्यासाठी 4,000 हून जास्त कॅनेडियन मेले. एक स्ट्रेचर न्यायला सहा-सहा, आठ-आठ जण लागायचे त्या चिखलात. आणि पाचच महिन्यांनी, एप्रिल 1918 मध्ये जर्मन चढाई आली तेव्हा ब्रिटिशांनी ती जागा सोडून दिली! करीने जीव वाचवायची पद्धत शोधली हे मान्य, पण तोफचीदादा, जी जागा राखायचीच नव्हती तिच्यासाठी कमी माणसं मेली हे समर्थन मला पचत नाही.

तोफची:
सोडावी लागेल हे ऑक्टोबरमध्ये कुणाला ठाऊक होतं ताई? दोष द्यायचाच तर हेगला द्या, आणि ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जला, त्याला मनातून हे पटत नव्हतं तरी थांबवलं नाही.

बुरुजावरचा:
दोघांना देतोच. पण कॅनडाचे पंतप्रधान बोर्डेननी 1918 मध्ये लॉइड जॉर्जना सुनावलं की पुन्हा असं झालं तर कॅनडाचा एकही सैनिक किनारा सोडणार नाही. ते बोलता येत होतं. करीने आकडा हेगला सांगितला तसा ऑटावाला, म्हणजे कॅनडाच्या सरकारला, कळवून हेच आधी बोलायला लावायला हवं होतं.