काँक्रीट पावसाआधी की दिवाळीनंतर? (आमच्या कॉलनीतला वाद)

पांझरेकाठचा (धागाकर्ता)

धुळ्याच्या कडेला गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या कॉलन्या वाढल्या, त्यातली एक आमची. रस्ता नऊ मीटरचा, दोन्ही अंगांना गटार, मधे कधीकाळी डांबर होतं असं जुने लोक सांगतात. दिवाळी झाली आणि पाण्याची जुनी एसी (ॲसबेस्टॉस-सिमेंटची) लाईन बदलायला खोदाई सुरू झाली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या त्या चौकातच रिक्षा सोडून, बॅग हातात धरून, चर ओलांडत. तेवढं सोसलं. आता नवी डीआय (लोखंडी) लाईन पडली, चर बुजले, निम्म्या घरांना जोडण्याही मिळाल्या.

वाद पुढच्या कामाचा आहे. याच रस्त्याचं काँक्रीट मंजूर आहे आणि ठेकेदाराला ते पावसाआधी उरकायचंय. परवा कॉलनीची बैठक झाली. 'दिवाळीनंतर करा' म्हणणारा मी एकटा निघालो. बायकोनेही हात तिकडेच वर केला.

माझं म्हणणं एवढंच. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर. अशा मातीतला मीटरभर खोल चर पहिल्या पावसात खाली बसतोच. त्यावर आत्ता काँक्रीट ओतलं तर खालची माती बसेल आणि वरची लादी अधांतरी राहील. मग एखादा डंपर गेला की तडा. दुसरं, लाईनचं टेस्टिंग माझ्या डोळ्यांनी तरी झालेलं दिसलं नाही. पाणी सोडलं, 'गळत नाही ना? झालं!' आणि निम्म्या जोडण्या बाकी आहेत त्या कधी? काँक्रीट झाल्यावर, ब्रेकर लावून?

शेजारच्या गल्लीत हे होऊन गेलंय. काँक्रीट झालं आणि चार महिन्यांत खाली गळती. काँक्रीटखालच्या गळतीची गंमत अशी की पाणी फुटतं एका घरासमोर आणि वर येतं तिसऱ्या घरासमोरच्या सांध्यातून. तीन ठिकाणी फोडल्यावर सापडली. आज तिथे डांबराची तीन ठिगळं आहेत.

शटरवाला

भाऊ, तुम्हनी काळी माती तुम्हले लखलाभ. मन्हा दुकाननं काय?

मुद्द्याचं बोलतो. माझं किराणा दुकान याच रस्त्यावर आहे. दिवाळीपासून गिऱ्हाईक पलीकडच्या चौकातून सामान नेतंय, कारण माझ्यासमोर गाडी उभी करायला जागा नाही. रोज दोनदा पाणी मारतो तरी साखरेच्या पोत्यावर धुळीचा थर. त्यात तुम्ही म्हणता आणखी सहा महिने थांबा. तुमचं घर आतल्या गल्लीत, पगार (की पेन्शन?) एक तारखेला. थांबायला तुमचं काय जातं?

शेजारच्या गल्लीत तीन ठिगळं आहेत ना? असू द्या. तीन ठिगळं आणि बाकी रस्ता चकाचक. माझ्यासमोर सगळंच ठिगळ आहे.

साईटवरचा_पोरगा

मी अशाच कामांवर असतो (तुमच्या कॉलनीत नाही, आधीच सांगतो). धागाकर्त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, उपाय चुकीचा. पावसाळा ही काही दाबाई करण्याची पद्धत नाही.

चर बुजवायची रीत ठरलेली आहे. पाईपखाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू, उकरलेली काळी माती नाही. मग पंधरा-वीस सेंटीमीटरचा थर, थोडं पाणी, रॅमर (माती ठोकायचं यंत्र), पुन्हा थर. प्रत्येक थरावर वाळू ओतून घनता तपासता येते, अर्ध्या तासाचं काम. असं केलेला चर पावसाची वाट बघत नाही. तसं केलेलं नसेल तर एका पावसाने वरचा हातभर भाग बसेल, खालची पोकळी तशीच राहील, आणि दिवाळीनंतर ओतलेलं काँक्रीटही फुटेल. मग थांबून मिळवलं काय?

शिवाय मंजूर निधी खर्च झाला नाही तर परत जातो. दर वाढतात. 'दिवाळीनंतर'चं 'पुढच्या दिवाळीनंतर' व्हायला वेळ लागत नाही.

पांझरेकाठचा

पोरगा म्हणतो ती रीत पुस्तकातली, मला मान्य. पण मी रोज सकाळी तिथे उभा असायचो. जेसीबीने उकरलेलीच माती आत ढकलली, बकेटने वरून दोन थापा दिल्या, एक चक्कर मारली. झाली दाबाई. थर एकच, मीटरभर जाडीचा.

@शटरवाला, पेन्शन नाही हो, अजून नोकरीत आहे. पण टोमणा पोचला.

रात्रीचं_पाणी

तुम्ही सगळे रस्त्यावरच का अडकलात? काम पाण्यासाठी काढलं होतं ना?

आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री दोनला. व्हॉल्व्हमनच्या किल्लीचा आवाज आला की उठायचं, आधी मोटर, मग टिपाडं, मग वरची टाकी. नवी लाईन पडली तरी आमच्या घराची जोडणी जुनीच आहे, गंजलेला जीआय पाईप, गटारातून आडवा येणारा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, 'ताई, मेन बदलायचं आमच्याकडे आहे, सर्व्हिस लाईन तुमची तुम्ही बघा.'

चार दिवस लाईन रिकामी असते. पाचव्या दिवशी दाब यायच्या आत सगळ्या गल्लीच्या मोटरी एकदम सुरू होतात, लाईन ओढ घेते, आणि गटारातल्या पाईपला भोक असेल तर आत काय येतं ते सांगायला नको. पहिल्या दोन हंड्यांचा वास काँक्रीटने जाणार आहे का? नवी लाईन, जुनी जोडणी, वर आठ इंच काँक्रीट: मग ती जोडणी पंधरा वर्षं कुणी बदलू देणार नाही.

मी थांबा म्हणत नाही, घाई करा असंही म्हणत नाही. आधी घराघरातले पाईप बदला.

आणि हो, काँक्रीटला चौदा-पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं. मे महिना, पारा चाळिशीच्या वर. रस्त्याला रोज पाणी आणि आम्हाला पाचव्या दिवशी. बघायला मजा येईल.

साईटवरचा_पोरगा

ताई, जोडण्यांबद्दल शंभर टक्के. मी तर म्हणेन लाईन मधोमध एकच टाकण्याऐवजी दोन्ही अंगांना छोट्या लाईनी हव्या होत्या, म्हणजे समोरच्या घरासाठी रस्ता आडवा कापायची वेळच आली नसती. खर्च वाढतो म्हणून करत नाहीत.

क्युरिंगला विहिरीचं टँकर आणि ओलं गोणपाट चालतं, पिण्याचं पाणी लागत नाही.

कानबाईचा_रोट

'दिवाळीनंतर'वाल्यांना एकच विचारते. जूनपासून चार महिने काळ्या मातीच्या चिखलात कोण चालणार? ही माती चपलेला धरली की चपल सोडून पाय वर येतो. माझ्या सासूबाई पंच्याहत्तरच्या आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. गेल्या महिन्यात अँब्युलन्स आत आली नाही, त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी चौकापर्यंत उचलून नेलं. हे पावसात करायचं?

श्रावणात कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसेल. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन नाचत नदीवर न्यायची ती या रस्त्याने. तडा गेला तर पुढच्या वर्षी बुजवू. सासूबाई पडल्या तर काय बुजवणार?

पांझरेकाठचा

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

निवृत्त_नाना

पाटबंधाऱ्यात नोकरी केली, म्हणून दोन शब्द. १८८४ साली विश्वेश्वरय्या नोकरीला लागले ते आपल्या खान्देशात, आणि पांझरा नदीच्या पाटासाठी त्यांनी नळाचा सायफन...

शटरवाला

आला! धुळ्यात कुठलाही नळ फुटला तरी विश्वेश्वरय्या येतातच 🙏

निवृत्त_नाना

बरं, ते राहू दे. फड तर ऐकशील? याच पांझरेवर बंधाऱ्यांचे फड, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची सिंचनाची पद्धत, शेकडो वर्षं चालले. पाणी सोडायच्या आधी पाट साफ करायचा, आणि तो सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून. पाटकरी (पाटावर देखरेख करणारा) बघायचा, मग पाणी. इथे चर बुजताना कॉलनीतले किती जण उभे होते? धागाकर्ता सांगतो, तो एकटा.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही आत्ता-नंतर करत बसलात आणि लेव्हल कुणी विचारलीच नाही. काँक्रीट वीस सेंटीमीटर, खाली कोरडं काँक्रीट दहा, त्याखाली खडी-मुरूम. हे सगळं आहे त्या रस्त्यावर चढवलं तर रस्ता तुमच्या ओट्याच्या वर जाईल आणि पहिल्याच पावसात पाणी घरात. आधी तेवढं खाली खोदायला हवं, बॉक्स कटिंग म्हणतात. अंदाजपत्रकात आहे का ते? बघितलं कुणी? आणि खोदताना नवी लाईन फार वर आली तर तिच्यावर मातीचं आवरण किती उरतं? मीटरभर तरी राहायला हवं.

शटरवाला

हे मात्र नानांनी बरोबर पकडलं. माझ्या दुकानाची पायरी आधीच रस्त्याला टेकलीय. अंदाजपत्रक उद्या मागतो.

फुकटचा_सल्ला

मीटर लावा आणि चोवीस तास पाणी द्या, सगळे प्रश्न सुटतात. मलकापूरने करून दाखवलं.

रात्रीचं_पाणी

मलकापूर? भुसावळच्या पुढचं? तिथे मावशी राहते माझी, तिच्याकडे तर...

फुकटचा_सल्ला

ते नव्हे हो, कराडजवळचं 😄

रात्रीचं_पाणी

मग बरोबर. पण चोवीस तास पाणी द्यायला लाईन चोवीस तास दाबाखाली राहायला हवी, म्हणजे पुन्हा टेस्टिंगवरच आलो.

पांझरेकाठचा

रात्रभर विचार केला. कानबाईताईंचं वाचल्यावर 'दिवाळीनंतर'ला चिकटून राहणं मला जमत नाहीये. मधला मार्ग असा सुचतो: आत्ता बॉक्स कटिंग, घराघरातल्या जोडण्या, चराचा वरचा भाग पुन्हा उकरून थराथराने दाबाई, वर खडी-मुरूम घट्ट दाबून द्या. अँब्युलन्स येईल, चिखल होणार नाही. काँक्रीट दिवाळीनंतर.

साईटवरचा_पोरगा

ऐकायला छान. पण दाबलेल्या खडीवर चार महिने ट्रॅक्टर फिरले की चाकोऱ्या पडतात, माती मिसळते. दिवाळीनंतर तो थर उकरून पुन्हा करावा लागेल. त्याचे पैसे कोण देणार? ठेकेदार दोनदा मशिनरी आणणार नाही. त्यापेक्षा चर नीट उकरून दाबाई करून घ्या, घनता मोजा, मग लगेच काँक्रीट ओता. पंधरा दिवस जास्त लागतील.

शटरवाला

पंधरा दिवस मी देतो. सहा महिने नाही.

पांझरेकाठचा

आणि टेस्टिंग? कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचे, गेजचा काटा उतरतो का बघायचा, उतरला की गळती. ते न करता मी काँक्रीटला हो म्हणणार नाही, बैठकीत एकटा पडलो तरी.

साईटवरचा_पोरगा

टेस्टिंग जोडण्या देण्याआधी करायचं असतं. आता निम्म्या दिल्यात, त्या फेरूलपाशी (मेनमधून घराची जोडणी निघते तिथे) बंद कराव्या लागतील. करता येतं, किचकट आहे एवढंच.

रात्रीचं_पाणी

ठेकेदाराच्या माणसाला आत्ता फोन केला. आधी 'झालंय ताई' म्हणाला. मग 'कागदावर झालंय' म्हणाला. शेवटी कबूल झाला: रविवारी सकाळी सातला गेज लावतो, कॉलनीतले चार लोक या.

निवृत्त_नाना

गेज आधी शून्यावर आहे का ते बघा. काटा अडकलेला गेज कधीच उतरत नाही.

शटरवाला

चहा माझ्याकडून. काटा उतरला नाही तर सोमवारपासून चर उकरायला घ्यायचा, पोरगा म्हणतो तसा. कबूल?

पांझरेकाठचा

कबूल. आणि उतरला तर?

शटरवाला

उतरला तर चहाचे पैसे तुम्ही द्यायचे. बाकी मंग बघू.