हळदीच्या अर्काने जंतू मरतात, मग औषध का निघत नाही?

हरिपूरचा_पेव: पुतणीचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट परवा बघितला. राजापुरी हळद, कडुनिंब आणि दगडीपाला यांचे अर्क. प्लेटमध्ये जंतूंचा थर, त्याला भोकं पाडून त्यात अर्क सोडलेला. दुसऱ्या दिवशी भोकांभोवती स्वच्छ रिंगण, जंतू साफ! आणि आम्ही सांगलीकर, हळदीच्या पेठेत राहून, जरा घसा धरला की अँटिबायोटिक गिळतोय. कंपन्यांना परवडत नाही म्हणून हे दाबलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबवाली_मिरज: असले झोन मी पट्टी लावून शेकड्यांनी मोजलेत, दादा. अर्क इथेनॉलमध्ये काढला ना? मग एका भोकात नुसतं इथेनॉल घालून बघितलं का? नसेल तर रिंगणातला स्पिरिटचा वाटा किती, कळणार नाही. दुसरं म्हणजे मात्रा. अर्क बहुधा मिलिग्रॅममध्ये लागतो, चांगलं अँटिबायोटिक मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. हजारपटीचा फरक झाला. तेवढा अर्क रक्तात पोचवणार कसा? हळदीतलं मुख्य द्रव्य कुरकुमीन आतड्यातून धड शोषलंच जात नाही, आणि जे जातं ते शरीर झटपट मोडून बाहेर काढतं. शिवाय ते स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे चाचण्याही फसतात.

हरिपूरचा_पेव: म्हणजे विळा लागला की दगडीपाला चोळणारी आमची आजी खुळी? जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत १९९५ ला दिलं होतं, माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ ला रद्द करायला लावलं. उगाच?

लॅबवाली_मिरज: ते रद्द झालं, कारण हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. नवं नाही एवढंच ठरलं. किती गुणकारी, याचा निवाडा तिथे झालाच नाही. आजीच्या खरचटण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या मावसभावाला साखर होती, पायाच्या जखमेवर आठ दिवस हळद चोपडत बसला. अंगठा गेला.

कासपठारी: दोघंही एकट्या अर्कावर अडलाय. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरीन हे जंतू मारणारं द्रव्य असतं. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू ते आत येताच आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. २००० साली कळलं की तीच झुडपं आणखी एक पदार्थ बनवतात. तो जंतू मारत नाही, फक्त पंप जाम करतो! आपण शुद्धीकरणाच्या नादात असले जोडीदारच फेकून देतो. आणि मिरीतलं पायपरीन? टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत ते घालून आपल्याच देशात २००९ मध्ये गोळी आली, रिफाम्पिसिन ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर.

लॅबवाली_मिरज: मिरीने तिथे जंतू मारले नाहीत, औषध अंगी लागायला मदत केली. आणि ते रिफाम्पिसिन आलं कुठून? मातीतल्या जंतूपासून. स्ट्रेप्टोमायसिनही मातीतलंच. जंतूंचा पंप अडवणारं औषध मात्र पंचवीस वर्षांत दवाखान्यापर्यंत आलेलं नाही.

कासपठारी: नाही आलं, म्हणून शोधायचंच नाही? प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली. मातीतूनही नवं फारसं निघेना झालंय.

सौदा_अडत्या: आमच्या व्यवहारातलं सांगतो. एकाच गावच्या दोन पोत्यांत कुरकुमीन वेगळं निघतं. जमीन, बेणं, शिजवण, सगळ्यावर ठरतं. त्यात कुणी रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, मारलं असेल तर मग बघायलाच नको. डोस कशावरून बांधणार?

लॅबवाली_मिरज: हे मात्र लाखातलं बोललात.

हरिपूरचा_पेव: पुतणीला फोन लावला. नुसत्या इथेनॉलचं भोक होतं म्हणे, त्यालाही रिंगण आलंय. लहान आहे, पण आहे. कंपन्यांबद्दलचं मत मी बदलत नाही. आणि ताई, सगळ्यात मोठं रिंगण हळदीचं नव्हतंच, दगडीपाल्याचं होतं!

लॅबवाली_मिरज: किती मिलिमीटर? इथेनॉलचं किती तेही सांगा.