मानेला मार, प्लेअर बेशुद्ध आणि श्वास घरघरतोय, आधी काय करायचं?

नवा_फिजिओ: रग्बी टीमसोबत असतो. समजा टॅकलमध्ये डोकं-मान आपटून प्लेअर बेशुद्ध पडला, तोंडात रक्त, श्वास घरघरतोय, तर मान हलवायची नाही म्हणून तसाच ठेवायचा का?? इथेच गोंधळ होतो.

कॅज्युअल्टीवाला: तसाच अजिबात नको! ऑक्सिजन थांबला तर मेंदू काही मिनिटांत जातो, मग नुसती मान वाचवून काय करणार. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, दुसऱ्याने जबड्याच्या कोनाखाली बोटं घालून जबडा पुढे ढकलायचा, डोकं मागे टाकायचं नाही. तरी हवा जात नसेल तर मात्र लागेल तेवढंच मागे न्यायचं. रक्त साठतंय आणि सक्शन (तोंडातलं रक्त ओढून काढायचं यंत्र) नाही तर सगळ्यांनी मिळून एकदम कुशीवर, डोकं-मान-धड एका रेषेत. चेहरा फुटलाय किंवा नाका-कानातून पाणी येतंय तर नाकातून नळी घालायची नाही.

साईडलाईन_ताई: +१. जबडा तुटलाय पण शुद्धीत आहे आणि स्वतःच पुढे वाकून बसतोय, तर जबरदस्तीने आडवं करू नका, झोपवलं की रक्त आणि जीभ मागे जाते.

नवा_फिजिओ: आणि गळ्यावरच मार बसला तर?

कॅज्युअल्टीवाला: आवाज घोगरा, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, गळ्याच्या कातडीखाली कुरकुर लागते, म्हणजे स्वरयंत्राला इजा असू शकते. सूज नंतर वाढते त्यामुळे आत्ता बोलतोय म्हणून बेंचवर बसवू नका, थेट अॅम्ब्युलन्स.