कोंबडीची पिल्लं पटापट मरतायत, औषधाचं नाव हवं (तातडीचं)

चिऱ्याचं घर
काल रात्री सहा गेली, आज सकाळी चार. परवापर्यंत चांगली धावत होती. आता पंख खाली सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होतात, दाण्याकडे बघत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी आडवी. गौरीच्या सणाला द्यायची बोली करून आणली आहेत, निम्म्यांचे पैसेही घेतलेत. रस्ता कालपासून बंद होता तो आत्ता सुरू झाला. भाऊ दुपारच्या एसटीने तालुक्याला जाईल. दुकानात काय मागायचं तेवढं सांगा. लांबलचक माहिती नको.

खाडीकाठ
वय किती? एकूण किती होती? लस कुठली, कधी दिली? विष्ठा कशी आहे? खाली काय अंथरलंय? मोठ्या कोंबड्या आहेत का, आणि त्या कशा आहेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नाव कशाच्या जोरावर सांगायचं?

रानवारा
मानमोडी आहे ही. आमची १२० गेली होती. त्यावर औषध नाही, लस हाच उपाय. ५ ते ७ दिवसांत मानमोडीची लासोटा लस डोळ्यात एक थेंब, १४व्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची, २८व्या दिवशी पुन्हा लासोटा पाण्यातून, ८ आठवड्यांनी मानमोडीचीच आर टू बी लस टोचून. मी हे दर धाग्यावर सांगतो, पिल्लं मेल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

कुडाळचो बाबू
मुंगूस येता काय बघ आधी. आमच्याकडे गेल्या पावसात भिंतीखालसून बीळ पाडल्यान आणि एका रात्रीत सात पिल्लां नेल्यान.

चिऱ्याचं घर
मुंगूस नाही, मेलेली सगळी जागेवरच पडलेली आहेत. मान कुणाचीच वाकडी नाही. लस हॅचरीतच दिलीय असं सांगितलं होतं. ८० आणली, ७० राहिलीत. वय ३३ दिवस. विष्ठा पातळ. आता तरी नाव सांगा.

आजोळ
एवढ्या लहान जिवांना दुकानातलं औषध कशाला? हळद, ओवा आणि लसूण वाटून भातात कालवून घाला. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या त्या याच्यावर. रात्री डालग्याखाली ठेवा, ऊब महत्त्वाची.

तांबडी वाट
मुळात ही गिरिराज-बिरिराज आणायचीच कशाला? घरच्या खुडूक कोंबडीखाली गावठी अंडी ठेवली असती तर ही वेळ आली नसती.

चिऱ्याचं घर
गिरिराज नाहीत, वनराज आहेत. आणि खुडूक कोंबडीखाली ८० पिल्लं कशी निघणार?

पांढरा शिंपला
बर्ड फ्लू तर नसेल ना? २००६ साली नवापूरला आला होता तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. अंड्यांना हात लावताना जपा.

खाडीकाठ
शिंपलाताई, घाबरवू नका. तसं असतं तर मोठ्या कोंबड्याही पटापट पडल्या असत्या, तुरे निळे-जांभळे झाले असते. म्हणूनच मोठ्यांचं विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आणि "पातळ" म्हणजे रंग कोणता? पांढरा, हिरवा की लाल? जमिनीवर कळत नसेल तर दोन-तीन मरगळलेली पिल्लं वेगळी काढून केळीच्या पानावर तासभर ठेवा आणि मग पानाकडे बघा.

चिऱ्याचं घर
मोठ्या चार गावठी आहेत, अंगणात फिरतात, ठणठणीत आहेत.

पान ठेवलं. विटकरी लाल, चिकट, काही ठिकाणी सरळ रक्तच. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पडवीत खाली आपली लाल माती, वर गेल्या वर्षीचा पेंढा. पन्हळीचं पाणी आत येतं म्हणून पेंढा भिजतो आणि माती वर येते. मला वाटलं मातीच लागलीय.

खाडीकाठ
आता कळलं. ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत, पावसात, ओल्या अंथरुणावर, अगदी ठरल्यासारखी येते. मोठ्या कोंबड्यांना ती लहानपणी थोडीथोडी होऊन गेलेली असते, म्हणून त्या ठणठणीत.

भावाला अँप्रोलियम मागायला सांगा. २० टक्क्यांची पूड मिळते. एक लिटर पाण्याला सव्वा ग्रॅम, ५ ते ७ दिवस. रोज ताजं पाणी करा आणि दुसरं कुठलंही पाणी समोर ठेवू नका. पुड्यावर टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही वेगळं, ते आधी वाचा. आज मेलेलं एक पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. आतड्याच्या शेवटी दोन बंद नळ्या असतात, त्या रक्ताने भरलेल्या दिसल्या की शंका राहत नाही.

रानवारा
मानमोडी नाही, मानलं. सोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिकही घ्या, पिल्लं फार अशक्त झाली असतील.

खाडीकाठ
नाही! अँप्रोलियम चालू असताना बी-कॉम्प्लेक्स अजिबात नको. ते औषध दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखं असतं. आतड्यातला जंतू बी-१ समजून तेच घेतो आणि उपाशी मरतो. वरून खरं बी-१ पाजलंत तर औषध फुकट गेलं. टॉनिक कोर्स संपल्यावर. रक्तस्रावासाठी 'के' जीवनसत्त्व मिळालं तर जरूर द्या.

रानवारा
मी दोन्ही एकत्र दिलंय आणि पिल्लं जगलीत.

खाडीकाठ
काही जगतात हो. जी गेली ती कदाचित वाचली असती एवढंच म्हणतो.

आजोळ
माझ्या हळदीला कोणी नाव ठेवलं नाही, पण घेतलंही नाही. निदान जागा तरी कोरडी करा. सासूबाई पावसात रोज सकाळी चुलीतली राख पसरायच्या.

खाडीकाठ
आजी, हे मात्र सोळा आणे खरं. कोरडं ठेवणं हाच निम्मा उपचार आहे.

चिऱ्याचं घर
भाऊ निघाला. मी सकाळी सगळीकडे फिनेल टाकलंय. आणि एक राहिलं, सशाच्या दोन पिल्लांनाही जुलाब झालेत. कोंबड्यांचंच लागलं असेल ना? पिंजरा त्यांच्या वरच टांगलेला आहे. घरात अमॉक्सिसिलिन आहे, पाजू का?

शेवरीचा कापूस
थांबा, सशाला अमॉक्सिसिलिन पाजू नका! तोंडावाटे दिलं तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्याच जुलाबाने ससा जातो. माझा एक असाच गेला, एका दुकानदाराच्या सांगण्यावरून. अजून विसरले नाही.

कोंबड्यांचं सशाला लागत नाही. सशांची कॉक्सिडिया, म्हणजे या रोगाचे जंतू, वेगळे. पण उलट बघा, सशांचं मूत खाली पिल्लांच्या अंथरुणावर पडतंय. पन्हळीएवढंच तेही ओलं करतंय. पिंजरा आजच हलवा. पावसातलं कोवळं भिजकं गवत बंद करा, वाळलेलं द्या. डॉक्टरांना भेटल्याशिवाय औषध नको.

खाडीकाठ
फिनेलने रक्ती हगवणीच्या जंतूची अंडी मरत नाहीत, कवच फार टणक असतं. विष्ठेतून पडल्यावर ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात, म्हणून त्याआधी काढायची. सगळा पेंढा उचलून लांब पुरा, जमिनीवर उकळतं पाणी ओता, सुकलं की भाताचं तूस चार बोटं जाड घाला. गिरणीत मिळेल. रोज हलवा, ओलं झालेलं काढा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे पाय घालणार नाहीत. आणि ती पन्हळ आजच बांधा.

नारळीपौर्णिमा
कडकनाथ सुरू करायचं म्हणतोय, एका पिल्लाला काय भाव पडेल?

तांबडी वाट
वेगळा धागा काढा हो, इथे माणसाची पिल्लं मरतायत.

चिऱ्याचं घर
(पाच दिवसांनी) दवाखान्यात पिल्लू उघडून बघितलं, नळ्या रक्ताने भरलेल्या होत्या. पहिल्या दोन दिवसांत आणखी नऊ गेली. परवापासून एकही नाही. ६१ आहेत, दाणा टिपायला लागलीत. तूस घातलं, पन्हळीला पत्रा लावला. सशाचं एक पिल्लू गेलं, दुसरं काल वाळलं गवत खायला लागलं. त्या दिवशी मी घाईत तोडून बोललो, त्याबद्दल माफ करा.

एक विचारायचं आहे. हॅचरीवाल्याने दिलेली लस कुठली असते?

रानवारा
पहिल्या दिवशी देतात ती मॅरेक्सची, तो रोगच वेगळा. म्हणजे तुमच्या पिल्लांना मानमोडीची लस अजून मिळालेलीच नाही! औषध संपून पिल्लं सावरली की आधी लासोटा द्या, मग ८ आठवडे झाल्यावर आर टू बी. बर्फात आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. कुपी १०० डोसची आहे, तुमची ६१. उरलेली फुकट जाईल, वाडीत कोणाकडे आहेत का बघा.

चिऱ्याचं घर
तिघांकडे आहेत. आज संध्याकाळी विचारतो.